साखर विकली, दूध विकलं, पास्ताही विकला: मग एब्रो फूड्स वाढली कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "गोंदियाला आमची दोन पिढ्यांची राईस मिल आहे. काम बहुतेक सरकारी भरडाईचं, म्हणजे सरकारचं धान भरडून तांदूळ परत द्यायचं. स्पेनची एब्रो फूड्स ही मुळात साखरेची कंपनी, आज तांदूळ आणि पास्त्यात जगातल्या मोठ्या नावांपैकी एक. नुसत्या कंपन्या विकत घेऊन इतकं वाढता येतं का? आणि आम्ही मिलच्या जोडीला पास्ता-शेवयांचं युनिट टाकावं का?"

मी बासमतीच्या खरेदीत आणि निर्यातीच्या क्वालिटीत काम करतो. माल बराचसा युरोपात जातो, त्यामुळे एब्रोच्या घरची नावं रोज कानावर पडतात. कंपनीशी माझा नोकरीचा किंवा शेअरचा संबंध नाही.

आधी तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेतो. "विकत घेऊन वाढता येतं का" याचं उत्तर येतं असंच आहे, पैसा असला की कुणालाही येतं. खरी गोष्ट पुढची आहे. एब्रोने जे घेतलं त्यापेक्षा जे विकलं त्यातून ती कंपनी जास्त कळते. तांदळात ती टिकली कारण दाणा आणि ताट यांच्यामध्ये आणखी एक काम करायचं आणि पैसे त्या कामाचे घ्यायचे, हे तिने धरून ठेवलं. पास्त्याबद्दलचं तुमचं उत्तरही त्यातच आहे.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आत्ताच सांगतो. एब्रो शेअर बाजारातली कंपनी, मागे मोठे भागधारक. मार्च घराण्याची गुंतवणूक कंपनी, दाम ही बिअरवाली मंडळी, शिवाय स्पेन सरकारचाही वाटा. त्यांना बँक ज्या दराने पैसे देते त्या दराने तुम्हाला-मला देणार नाही. म्हणून त्यांची पावलं जशीच्या तशी टाकायची नाहीत, पावलांमागचा हिशेब तेवढा बघायचा.

तर साखरेपासून. १९९८ मध्ये स्पेनमधल्या दोन मोठ्या साखर कंपन्या एकत्र आल्या आणि देशातला सगळ्यात मोठा साखर गट तयार झाला. २००१ च्या सुमारास त्यात पुलेवा ही दुधाची कंपनी मिळाली आणि नाव झालं एब्रो पुलेवा. तांदूळ याच घरात होता, पण धाकट्या भावासारखा. सेव्हिलची एर्बा ही गिरणी, एर्नांदेस कुटुंबाची. ग्वादालकिवीर नदीच्या मुखाजवळच्या दलदलीच्या प्रदेशात भातशेती आहे, तिथला माल भरडणारे हे लोक. आजचे अध्यक्ष आंतोनियो एर्नांदेस कायेखास याच कुटुंबातले. म्हणजे मूळ साखरेच्या कंपनीची सूत्रं आज गिरणीवाल्याच्या हातात आहेत, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो.

साखर का सोडली? महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. भाव सरकार ठरवणार, कोटा सरकार ठरवणार, तिथे साखर बीटाची, त्या बीटवाल्या शेतकऱ्याला किती द्यायचे तेही ठरलेलं. युरोपात हे सगळं ब्रुसेल्समधून चालायचं. २००६ पासून युरोपीय संघाने साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के खाली आणायचं ठरवलं. कारखाना कितीही चांगला चालवा, नफ्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. एब्रोने २००८ च्या अखेरीस साखरेचा धंदा असोसिएटेड ब्रिटिश फूड्सच्या ब्रिटिश शुगरला द्यायचा करार केला आणि २००९ मध्ये तो पूर्ण झाला. २०१० मध्ये दूधही गेलं, फ्रान्सच्या लाक्तालिसकडे, ६३ कोटी युरोंना. त्याच वर्षी नाव बदलून एब्रो फूड्स झालं.

पण खरेदी साखर विकायच्या आधीच सुरू झाली होती. २००४ मध्ये अमेरिकेतली रिव्हियाना फूड्स घेतली, सुमारे ३८ कोटी डॉलरला. ह्यूस्टनची ही कंपनी म्हणजे अमेरिकन किराणा दुकानातल्या तांदळाच्या रांगेतली जुनी मंडळी. त्यांच्या एका ब्रँडचं नाव 'महात्मा' आहे आणि त्या नावाने तिथे कित्येक दशकं तांदूळ विकला जातोय. सौद्यातली माझ्या आवडीची बाब निराळी आहे. रिव्हियाना आणि एर्बा यांची युरोपातल्या काही धंद्यांत आधीपासून भागीदारी होती. समोरचा माल कसा घेतो, वायदा पाळतो का, हिशेब कसा ठेवतो, हे ठाऊक असताना केलेली ती खरेदी होती. आपल्याकडे मिल विकत घेताना लोक मशिनरी आणि जागा बघतात. ज्याच्याकडून घेतो त्याची खातेवही बघायला फार थोडे जातात.

२००५ मध्ये फ्रान्सची पांझानी आली. पास्ता, सॉस, कुसकुस (रव्याचे वाफवायचे बारीक दाणे) आणि सोबत तांदूळ. किंमत ६४ कोटी युरोंच्या आसपास. २००६ मध्ये अमेरिकेतली न्यू वर्ल्ड पास्ता, ३६ कोटी २५ लाख डॉलर. ही कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टातून नुकतीच बाहेर पडली होती, पण तिचे ब्रँड अमेरिकेत घराघरांत माहीत होते. त्याच वर्षी क्राफ्टकडून 'मिनिट राईस', २८ कोटी डॉलरला.

इथे जरा थांबू या. मिनिट राईस म्हणजे आधी शिजवून मग वाळवलेला तांदूळ. १९४० च्या दशकात अताउल्ला दुर्रानी नावाच्या अफगाण गृहस्थाने ही पद्धत अमेरिकेत जनरल फूड्सकडे नेली आणि तिथून तो बाजारात आला. गरम पाणी घाला, झाकण ठेवा, पाच मिनिटांत भात. त्या डब्यात जो तांदूळ जातो तो साधा अमेरिकन लांब दाणा, मंडीच्या भावाचा. ब्रँडसाठी २८ कोटी डॉलर मोजले ते तांदळासाठी नाहीत. गृहिणीचा वेळ वाचवायचं जे काम त्या दाण्यावर झालंय त्यासाठी, आणि ते काम म्हटलं की हाच डबा आठवतो या सवयीसाठी.

हीच गोष्ट स्पेनमध्ये एर्बाने आधी करून दाखवली होती. तिथला पारंपरिक तांदूळ आखूड आणि जाड, पायेला या तिथल्या भाताच्या पदार्थासाठी रस पिणारा. दोन मिनिटं जास्त शिजला की गिचका. एर्बाने 'ब्रियांते' या नावाने पिवळसर सेला तांदूळ आणला. तुमच्याकडे ज्याला उष्णा म्हणतात तोच. धान भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडायचं. स्टार्च आतल्या आत घट्ट होतो, दाण्यातल्या बारीक चिरा सांधल्या जातात, कणी कमी पडते आणि शिजल्यावर भात मोकळा राहतो. तंत्र आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं, कोकणात उकडा तांदूळ घराघरात. एर्बाने विकलं मात्र तंत्र नाही. "कितीही वेळ गॅसवर राहिला तरी भात बिघडणार नाही" हा दिलासा विकला. नंतर याच नावाने शिजवलेल्या भाताचे छोटे प्लास्टिकचे कप आले. एकाला एक चिकटलेले दोन कप, प्रत्येकी १२५ ग्रॅम, मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट. त्या कपातल्या भाताचा किलोचा भाव काढला तर कच्च्या तांदळाच्या कितीतरी पट येतो, आणि त्यातलं अर्ध्याहून अधिक वजन पाण्याचं! एकट्या माणसाच्या जेवणाला मात्र तो महाग वाटत नाही. किलोचा हिशेब गिरणीवाला करतो, कप घेणारा करत नाही.

२०११ मध्ये स्पेनमधल्याच 'सोस' या प्रतिस्पर्ध्याचे तांदळाचे ब्रँड एब्रोकडे आले. सोसची मूळ कंपनी ऑलिव्ह तेलात कर्ज काढून फुगली होती आणि कर्ज देणाऱ्यांचा दट्ट्या मागे लागला होता. सौदीतला 'अबू बिंत' याच सौद्यातून आला. आखातात राहून आलेल्यांना तो डोळे मिटून ओळखता येईल.

आता बासमती. इथे माझं रोजचं काम येतं, म्हणून थोडं सविस्तर.

२०१९ मध्ये एब्रोने ब्रिटनची टिल्डा घेतली, ३४ कोटी २० लाख डॉलरला. टिल्डा मुळात ठकरार कुटुंबाची, युगांडातून ब्रिटनला गेलेल्या गुजराती घराण्याची. विकणारी होती हेन सेलेस्टियल ही अमेरिकन कंपनी. तिने २०१४ मध्ये टिल्डा ३५ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास घेतली होती, म्हणजे पाच वर्षांनी ती आपल्या खरेदीच्याही खाली विकून बाहेर पडली. नाव तेच, मालही तोच, पण हेनच्या घरात टिल्डा शंभर वस्तूंमधली एक होती आणि एब्रोच्या घरात तांदूळ हाच धंदा. ब्रँडची किंमत धरणाऱ्या हाताप्रमाणे बदलते ती अशी.

युरोपात बासमतीच्या गिरण्या तग धरून आहेत याचं एक साधं कारण करात आहे. ठरावीक वाणांचा ब्राऊन बासमती, म्हणजे तूस काढलेला पण पॉलिश न केलेला, प्रमाणपत्रासह युरोपीय संघात शून्य शुल्काने जातो. तोच दाणा आपण इथे पांढरा करून पाठवला तर टनाला दीडशे युरोंच्या घरात शुल्क. म्हणून पॉलिश तिथे, पॅकिंग तिथे, नावही तिथलं. आपण पाठवतो ते अर्धं काम. टिल्डाची लंडनच्या पूर्वेकडची गिरणी आणि एब्रोचे युरोपातले कारखाने या रचनेवर उभे आहेत.

हा ब्राऊन माल पाठवायचा म्हणजे काय, तेही बघा. सँपल काळ्या ट्रेवर पसरतो. हिरवे दाणे, पोटपांढरे दाणे, लाल पट्ट्याचे दाणे चिमट्याने वेगळे करून वजन करतो. ओलावा बघतो. मग डीएनए तपासणी, कारण ब्रिटनच्या नियमावलीत बासमतीत इतर तांदूळ ७ टक्क्यांपर्यंतच चालतो. शेवटी फवारलेल्या औषधांच्या अवशेषांचा रिपोर्ट, आणि घोडं इथेच अडतं. करप्यावर मारायचं ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक. त्याची मर्यादा युरोपीय संघाने १ जानेवारी २०१८ पासून किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, म्हणजे शंभर पटीने खाली. मंडीत आढत्याकडून उचललेल्या धानाला कुणी कधी काय फवारलं ते कुणालाच माहीत नसतं. दहा ढिगांतला एक ढीग फवारलेला निघाला तरी अख्खा लॉट जातो. तेव्हापासून ज्याचे शेतकरी कराराने बांधलेले आणि फवारणीची नोंद हातात, तोच युरोपात निवांत माल देतो.

एब्रोने हरियाणातल्या तरावडीची बासमतीची मिल २०१३ मध्येच सिंगापूरच्या ओलाम कंपनीकडून घेतली होती, साधारण दीड कोटी डॉलरला. आकडा त्यांच्या मानाने किरकोळ. पण माझ्या मते त्यांच्या सगळ्या खरेदीत सगळ्यात समजूतदार खरेदी हीच. कर्नाल जिल्ह्यात, बासमतीच्या पट्ट्यात, शेतकऱ्यापासून काही किलोमीटरवर त्यांनी पाय रोवला. पाच वर्षांनी नियम कडक झाला तेव्हा माल कुठून आला हे शोधायची यंत्रणा दारात होती. त्यांच्या गिरण्या आणि खरेदीची ठिकाणं थायलंड, कंबोडिया, अर्जेंटिना, मोरोक्को, इटली अशी पसरली आहेत, तीही याच विचाराने.

ही पसरण चैनीची नाही. दुष्काळामुळे २०२३ मध्ये सेव्हिलच्या भातपट्ट्यात जवळजवळ पेरणीच झाली नाही, धरणात पाणी नव्हतं. त्याच वर्षी २० जुलैला भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ऑगस्टमध्ये सेल्यावर २० टक्के शुल्क लावलं आणि बासमतीला टनामागे १२०० डॉलरची किमान किंमत घातली. ती ऑक्टोबरमध्ये ९५० वर आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. एकाच देशावर बसलेल्या व्यापाऱ्याची त्या वर्षात काय अवस्था झाली ती वाशीच्या मार्केटमध्ये आम्ही बघितली आहे. एब्रोला महागाईची झळ बसली, पण शेल्फ रिकामा पडला नाही.

आता पास्ता, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इतक्या हौसेने घेतलेला कोरडा पास्ता एब्रोने २०२० आणि २०२१ मध्ये जवळपास सगळा विकून टाकला. अमेरिकेतले बरेचसे ब्रँड ट्रीहाउस फूड्सला २४ कोटी २५ लाख डॉलरला, रोंझोनी हा ब्रँड वेगळा ९ कोटी ५० लाख डॉलरला, कॅनडाचा कतेली इटलीच्या बारिल्लाला. फ्रान्समधला पांझानीचा कोरडा पास्ता, सॉस, कुसकुस सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला ५५ कोटी युरोंना. ठेवलं काय? ताजा पास्ता, म्हणजे फ्रान्सचा लुस्तुक्रू, इटलीचा बेर्तान्यी, कॅनडाचा ऑलिव्हिएरी. आणि कोरड्यात ग्रान्यानोचा गारोफालो, जो वरच्या भावातच विकला जातो. पांझानीच्या घरातला तांदूळही ठेवला.

कारण सरळ आहे. कोरडा पास्ता म्हणजे ड्युरम या कडक गव्हाचा रवा आणि पाणी. सुपरमार्केट स्वतःच्या नावाचा पास्ता शेजारी लावतं, ग्राहकाला चवीत फार फरक वाटत नाही, वर बारिल्लासारखा राक्षस समोर. गहू महागला तर भाव वाढवायला दुकानदाराच्या दारात हात जोडून उभं राहायचं. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडात दुष्काळ पडला, तिथलं ड्युरमचं पीक निम्म्याहून खाली आलं आणि भाव भडकले. अमेरिका आणि कॅनडातले सौदे तोवर उरकले होते. याला दूरदृष्टी म्हणायचं की नशीब, यावर मी वाद घालणार नाही, दोन्ही असेल. ताज्या पास्त्याचं उलट आहे. तो लवकर खराब होणाऱ्या मालाचा, शीतसाखळीचा, कटकटीचा धंदा. कटकट आहे म्हणून गर्दी कमी. लुस्तुक्रूचे तव्यावर थेट परतायचे न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे) आहेत, उकळायची गरज नाही. पुन्हा तेच, स्वयंपाकातली एक पायरी कमी केली आणि तिचे पैसे घेतले.

एक सावधगिरीची सूचना. एब्रोची विक्री २०१२ मध्ये सुमारे २ अब्ज युरो होती आणि २०२३ मध्ये ३ अब्जांच्या थोडी वर गेली, त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त तांदूळ. हे आकडे बघून कुणी भारावून जाऊ नये. २०२२ नंतरच्या वाढीत मोठा भाग निव्वळ भाववाढीचा आहे. तांदूळ महागला की विक्रीचा आकडा आपोआप फुगतो, पोती तेवढीच. तुमच्या मिलचा ताळेबंद वाचतानाही क्विंटल आधी बघा, रुपये नंतर.

तर गोंदियाचं काय? पास्त्याचं युनिट टाकू नका. ज्या धंद्यातून एवढे ब्रँड हातात असलेला माणूस उठला, त्यात बिननावाने बसण्यात हशील नाही. ड्युरम तुमच्या भागात होत नाही, म्हणजे कच्चा मालही दुसऱ्याच्या दारातला. शेवयांचं गणित थोडं वेगळं आहे, स्थानिक मागणी असते. तरी ती घरगुती उद्योगाशी स्पर्धा आहे आणि तिथे भाव पडलेलेच असतात.

भरडाई म्हणजे तुमची साखर आहे. दर सरकारचा, उतारा सरकारने ठरवलेला, क्विंटलभर धानाला अरव्याचे, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचे, ६७ किलो किंवा उष्ण्याचे ६८ किलो परत द्यायचे, पैसे कधी येतील ते मंत्रालयाला माहीत. तो धंदा लगेच सोडा असं मी म्हणत नाही, एब्रोनेही साखरेचे पैसे हातात असतानाच तांदूळ घेतला. भरडाईचा रोख एका कामाकडे वळवा, एवढंच. कुठल्या, ते तुमच्या भांडवलावर आहे. उष्ण्याचा बॉयलर आणि ड्रायर जमत असेल तर तुसाचं इंधन घरचंच आहे. भिजवणीच्या सांडपाण्यासाठी मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आधी घ्या, मशीन नंतर बोलवा. तेवढं भांडवल नसेल तर एकच वाण धरा. एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं, आज देशभर मागून घेतात. पण "अमुक मिलचा एचएमटी द्या" असं कुणी म्हणत नाही. तिथे जागा मोकळी आहे. चिन्नोरसारखा सुवासिक दाणा असेल तर आणखी बरं. बांधलेले पन्नास-साठ शेतकरी, सहा-आठ महिने जुना केलेला माल, कणीचं प्रमाण पिशवीवर छापलेलं, आणि गिऱ्हाईक आधी नागपूरचं, मग पुढचं.

पिशवीचा हिशेब करताना जीएसटी विसरू नका. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के लागतो. बाजारात २६ किलोच्या पिशव्या दिसतात त्या याचमुळे. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, कारण २६ किलोची पिशवी किराणा दुकानदार फोडून सुटी विकतो आणि तुमचं नाव त्याच्या पत्र्याच्या डब्यात संपतं. ५ आणि १० किलोची करा, कर भरा, नाव घरापर्यंत जाऊ द्या.

गेल्या दोन हंगामांचा तुमच्या मिलचा उतारा, कणीची टक्केवारी आणि भरडाईचं एकूण कामातलं प्रमाण इथे टाकलंत, तर उष्णा की चिन्नोर यावर जास्त ठामपणे सांगता येईल.